कलेच्या तासानं काय बदलतं?

दहावीचं वर्ष आलं की चित्रकला, तबला, कथक या सगळ्यांकडे पाहण्याची आपली नजर बदलते. इंटरमिजिएटची ग्रेड किंवा शास्त्रीय कलेचं प्रमाणपत्र असेल तर जादा गुण किती मिळतील, एवढाच हिशेब उरतो. शाळेत कलेचा तास हवा असं म्हणणारेसुद्धा पुष्कळदा ‘संगीतानं गणित सुधारतं’ हेच कारण पुढे करतात. मला हे कारण मुळातच चुकीचं वाटतं, आणि पुरावाही त्याच्या बाजूनं नाही. साला आणि गोबे या संशोधकांनी २०२० मध्ये संगीत शिकणाऱ्या मुलांवरचे ५४ अभ्यास एकत्र तपासले. प्रयोगाची आखणी काटेकोर असेल तिथे बुद्धिमत्तेवरचा आणि अभ्यासावरचा परिणाम जवळजवळ शून्यावर आला.

कलेच्या क्लासला जाणारी मुलं हुशार दिसतात, पण क्लासला कोण जातं तेही पाहायला हवं. घरात पैसा, वेळ आणि पुस्तकं असलेली मुलं तिथे जास्त असतात. ती तशीही पुढे असतात. क्लासचा परिणाम आणि घराचा परिणाम वेगळा काढायचा, तर कुणाला कला मिळणार हे चिठ्ठी टाकूनच ठरवायला हवं.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात अशी संधी आपोआप चालून आली. बेंटनव्हिल या छोट्या गावात २०११ मध्ये ‘क्रिस्टल ब्रिजेस’ हे मोठं कलासंग्रहालय उघडलं. शाळांना सहल मोफत होती, त्यामुळे अर्जांचा ढीग पडला. मग जे ग्रीन (Jay Greene) हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडत काढली. सारख्या शाळांच्या जोड्या लावून एकीला आधी पाठवलं, दुसरीला पुढच्या सत्रात. एकूण १२३ शाळांतली १०,९१२ मुलं या अभ्यासात होती. तासाभराच्या फेरीत मार्गदर्शक माहिती मोजकीच देत आणि मुलांनाच बोलतं करत.

सरासरी तीन आठवड्यांनी मुलांसमोर आधी न पाहिलेलं एक चित्र ठेवलं. इथे काय चाललंय असं तुला वाटतं? चित्रात काय दिसल्यामुळे तसं वाटतं? या दोन प्रश्नांवर मुलांनी चार ओळी लिहायच्या होत्या. मला यातला दुसरा प्रश्न फार आवडतो, कारण त्यात मताला पुरावा मागितलाय. तपासणाऱ्यांना कोणतं मूल सहलीला गेलं होतं हे माहीत नव्हतं. सहलीला गेलेल्यांचं निरीक्षण आणि तर्क सरस ठरले. सरासरी फरक लहान होता: शंभर मुलांच्या क्रमवारीत मधलं मूल तीनचार जागा पुढे सरकावं इतका. खेड्यापाड्यांतल्या मुलांमध्ये मात्र तेच मूल बारातेरा जागा पुढे गेलं. जिथे असं काही पाहायला मिळतच नाही, तिथे एका भेटीनं इतका फरक पडला. सहलीत पाहिलेल्या, मेपल झाडाच्या रसापासून साखर बनवण्याच्या एका चित्राबद्दल विचारलं, तेव्हा ती साखर म्हणजे गुलामांच्या कष्टांवर पिकणाऱ्या उसाच्या साखरेला पर्याय होती, हे ८८ टक्के मुलांना आठवत होतं.

अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहरात सोडतीचा हाच मार्ग अधिक काळ आणि अधिक कलांसाठी वापरला गेला. तिथल्या ४२ शाळांतून सोडतीनं निवडलेल्या शाळांत नाटक, नृत्य, संगीत आणि चित्रकलेतले कलावंत शिकवायला गेले. बोवेन आणि किसिडा या संशोधकांनी २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. बेशिस्तीसाठी कारवाई झालेल्या मुलांचं प्रमाण शंभरामागे ३.६ नं घटलं, लेखनाचे गुण वाढले आणि इतरांबद्दलची कणव थोडी वाढली. गणितात म्हणावा असा फरक दिसला नाही.

नाटकाबाबतचा निष्कर्ष मला सर्वांत बोलका वाटतो. ग्रीन यांच्याच गटानं काही मुलांना रंगमंचावर नाटक दाखवलं आणि काहींना त्याच कथेवरचा चित्रपट. नाटक पाहिलेल्यांना कथानक आणि त्यातले शब्द जास्त कळले, शिवाय दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करण्यातही ती पुढे होती. गोष्ट तीच असूनही चित्रपटानं ते साधलं नाही.

आपल्याकडे संग्रहालयाच्या सहलीला किंवा बालनाट्याच्या प्रयोगाला सगळ्या शाळांना एकदम नेता येत नाहीच. मग पहिल्या फेरीत कोण, हे ओळखीपाळखीऐवजी सोडतीनं ठरवावं आणि उरलेल्यांना पुढच्या सत्रात न्यावं. दरम्यान दोन्हीकडच्या मुलांना एक नवं चित्र दाखवून तेच दोन प्रश्न विचारता येतील.