गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाकाचा वर्ग नव्हे

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत एक समज हमखास ऐकू येतो: विद्यापीठांतील गृहविज्ञान शाखा मुलींना रांधणे-शिवणे शिकवून चांगल्या गृहिणी घडवण्यासाठीच निघाली. स्वयंपाक आणि शिवण अभ्यासक्रमात होते, हे खरे. पण तेवढ्यासाठीच शाखा निघाली, हे खरे नाही.

अमेरिकेत या विषयाचा पाया घालणाऱ्या एलन स्वॅलो रिचर्ड्स रसायनशास्त्रज्ञ होत्या आणि पिण्याच्या पाण्याची तपासणी हे त्यांचे महत्त्वाचे कार्य होते. कॉर्नेल विद्यापीठात मार्था व्हॅन रेन्सलेअर यांनी १९०० साली शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांसाठी टपालाने चालणारा अभ्यासक्रम सुरू केला. त्याची पहिली पुस्तिका पाककृतींची नव्हती, तर घरकामातील पायपीट कशी वाचवावी याविषयी होती. विहिरीचे पाणी आणून दिवसभर चूल आणि मोरी यांच्यामध्ये खेपा घालणाऱ्या आपल्याकडच्या बाईला त्या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको. याच कामातून तेथे १९२५ साली स्वतंत्र सरकारी महाविद्यालय उभे राहिले. त्याआधी, १९११ साली, मार्था आणि त्यांच्या सहकारी फ्लोरा रोज प्राध्यापकपदी पोहोचल्या होत्या, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

भारतात दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ सालचे. आज या शाखेत पोषण, बालविकास, वस्त्रशास्त्र शिकवतात. मीठ आणि ऊन माशातील पाणी कमी करतात, म्हणून जिवाणू वाढत नाहीत आणि सुकट पावसाळाभर टिकते. हाही तिथलाच अभ्यास आहे.