आधी सी, मगच हार्डवेअर?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पहिला मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्राम करता येणारी छोटी चिप असलेला) घ्यायला निघालेल्या मुलांना हमखास ऐकवलं जातं: आधी सी ही प्रोग्रामिंगची भाषा पक्की करा, पायथन या सोप्या भाषेवर हार्डवेअर चालत नाही. हे खरं नाही. मायक्रोपायथन, म्हणजे अशा छोट्या चिपवर चालणारं पायथन, २०१४ पासून आहे. २०२१ साली आलेल्या रास्पबेरी पाय पिको या बोर्डात २६४ केबी रॅम आहे, त्यात ते आरामात बसतं. मायक्रोपायथनचं फर्मवेअर (बोर्डावर कायम राहणारा प्रोग्राम) एकदा टाकलं की यूएसबी जोडा, दोन-तीन ओळी टाइप करा, एंटर दाबताच एलईडी पेटतो. कंपाइलची (कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर होण्याची) वाट पाहणं नाही, चूक तिथल्या तिथे कळते. नवख्याला याहून मोठा आधार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आर्डुइनो उनो या बोर्डाच्या जुन्या, आर३ पर्यंतच्या आवृत्तीत मात्र जेमतेम २ केबी रॅम, तिथे सी++च, म्हणजे सीचीच वाढवलेली भाषा. तोच घरात असेल तर खुशाल त्यानेच सुरुवात करा. मायक्रोसेकंदांचा हिशेब लागतो तिथेही सी हवी, पण ती तेव्हा शिकता येते.