घाटात बंद, गॅरेजात ठणठणीत

जेएनपीटीला माल उतरवून नाशिककडे परतणारा जुना ट्रक कसारा घाट चढताना अचानक बंद पडतो. ड्रायव्हर अर्धा तास थांबून पुन्हा सेल्फ मारतो, आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते. आडगावच्या गॅरेजात तासभर चालू ठेवली तरी कुरकुर नाही. मग अंदाजाने बॅटऱ्या बदलतात, डायनामो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) उतरवतात, मालकाचा खिसा रिकामा होतो आणि पुढच्या फेरीला गाडी पुन्हा घाटातच उभी राहते.

असा बिघाड ठरावीक परिस्थितीतच जागा होतो आणि गॅरेजात ती परिस्थिती नसते. घाटात असतं काय? उष्णता, हादरे आणि भार.

उष्णतेचं बघू. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची फारशी गरज नसते. पण अनेक गाड्यांत डिझेलची वाट एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा चुंबकी खटका, उघडी धरून ठेवतो. त्याची वीज तुटली की स्प्रिंग वाट बंद करते. सोलेनॉइडमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे वेटोळं २० अंशांवरून १०० अंशांवर गेलं, की रोध ३० टक्क्यांहून जास्त वाढतो आणि प्रवाह पाऊण पटीवर येतो. चुंबकाची ओढ साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती निम्म्यापेक्षा थोडीच जास्त उरते. एवढंही चालून गेलं असतं. पण वाटेतल्या गंजक्या जॉइंटने आधीच दोन-तीन व्होल्ट खाल्ले असतील, तर स्प्रिंग जिंकते. इंजिन गार झालं की सगळं पूर्ववत!

म्हणून माझा पहिला संशय नेहमी जॉइंटवर, आणि त्यातही अर्थिंगवर असतो. ट्रकमध्ये वीज वायरीतून जाते, पण बहुतेक ठिकाणी चासीच्या लोखंडातून परत येते. या परतीच्या वाटेलाच अर्थ म्हणतात. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या पाण्या-चिखलात अर्थच्या बोल्टखाली गंज धरतो, आणि गंज वीज नीट वाहू देत नाही. परतीची वाट अडली की वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. इंडिकेटर दिल्यावर मागचा पार्किंग दिवाही मंद लुकलुकत असेल, तर आधी मागचा अर्थ बघावा.

व्होल्ट आणि रोध मोजणारा मल्टिमीटर इथे सहज फसवतो. बॅटरी आणि इंजिन यांच्यातल्या अर्थ केबलच्या जॉइंटला ०.०१ ओहम रोध आला, तर साध्या मीटरला तो दिसतच नाही. त्याची सर्वांत लहान पायरी ०.१ ओहमची असते. पण सेल्फ मारताना २०० अँपिअर वाहिले की त्याच जॉइंटवर २ व्होल्ट खर्च होतात आणि ४०० वॉट उष्णता तयार होते. काही सेकंद सेल्फ मारून झाल्यावर एखादं टर्मिनल हाताला गरम लागलं, तर दोष तिथेच आहे.

यावर उपाय एकच, मोजायचं ते भार चालू असताना. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावावं. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावं. अर्ध्या व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं, तर वाटेतले जॉइंट खोलावेत. दिव्यांच्या वायरिंगसाठी मला २४ व्होल्ट, २१ वॉटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प मीटरपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तो जवळजवळ एक अँपिअर ओढतो. तो जळत असताना वायरिंगचा जुडगा हलवत जावं. लुकलुकला की जागा सापडली. चढवलेले हॉर्न, टेप आणि झगमगाटी दिवे यांचे चिकटपट्टी गुंडाळलेले जॉइंट आधी तपासावेत.

बोल्टखालचा धातू चकचकीत होईपर्यंत घासून, घट्ट आवळून, मग वरून पेट्रोलियम जेली लावावी, म्हणजे हवा आणि ओल आत शिरत नाही. आणि डायनामो तपासायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची जुनी सवय कृपा करून सोडा. भार एकदम तुटल्यावर व्होल्टेज क्षणात कितीतरी वर उसळतं आणि आतले डायोड जळतात.