पाच, पाच आणि तीन: आरमारी करारातला आकडा जपानला का झोंबला

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची कारणे सांगताना तेलबंदी, चीनमधले युद्ध आणि जर्मनी-इटलीशी केलेली युती यांची नावे येतात, आणि ती बरोबरच आहेत. पण जपानी नौदलातला मोठा गट तडजोडीवर इतका का उलटला, हे त्यांतून उलगडत नाही. त्यासाठी १९२२ च्या वॉशिंग्टन आरमारी करारापर्यंत मागे जावे लागते.

या कराराने मोठ्या युद्धनौकांच्या एकूण वजनाला कमाल मर्यादा घातली. अमेरिका आणि ब्रिटनला प्रत्येकी ५,२५,००० टन, जपानला ३,१५,००० टन, फ्रान्स आणि इटलीला प्रत्येकी १,७५,००० टन. पहिल्या तिघांपुरते बोलायचे तर ५:५:३. नवी नौका ३५,००० टनांपेक्षा जड नको, तोफ १६ इंचांपेक्षा मोठी नको, आणि काही ठरलेले अपवाद सोडले तर दहा वर्षे नवी बांधणी बंद.

जपानी नौदलाची मागणी अमेरिकेच्या ७० टक्क्यांची होती, आणि तिच्यामागे हिशेब होता. समुद्र ओलांडून चाल करून येणाऱ्या आरमाराला बचाव करणाऱ्याच्या दीडपट बळ लागते, असे त्यांचे सूत्र. अमेरिकेच्या दहाला जपानचे सात असेल तर अमेरिकेचे बळ १.४३ पट, म्हणजे दीडपटीच्या आत. दहाला सहा झाले की तेच १.६७ पट. सगळी ओढाताण या एका दहाव्या हिश्श्यासाठी होती.

मुख्य प्रतिनिधी आणि नौदलमंत्री कातो तोमोसाबुरो यांनी साठ टक्के मान्य केले. १९२१ मध्ये सरकारी खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा एकटे नौदल खात होते. अमेरिकेशी लढायचे तर कर्ज काढावे लागणार आणि कर्ज देऊ शकणारा देश अमेरिकाच, हे त्यांनी स्पष्ट ओळखले होते. मोबदल्यात त्यांनी मोठी गोष्ट पदरात पाडून घेतली: फिलिपिन्स, ग्वाम आणि हाँगकाँग इथे नवी तटबंदी होणार नाही. पश्चिम पॅसिफिकमध्ये जवळचा पक्का तळ नसेल तर अमेरिकी आरमाराचे संख्याबळ तिथवर पोहोचेपर्यंतच निम्मे निष्प्रभ होते. माझ्या मते जपानच्या हाती पडलेला हा सौदा उत्तम होता. शिवाय अमेरिकेकडे कारखाने आणि पोलाद कितीतरी जास्त असल्याने वेसण खरी तिलाच बसली होती.

मानाचा प्रश्न किती टोकाचा होता हे ‘मुत्सु’ या युद्धनौकेवरून दिसते. परिषद नोव्हेंबर १९२१ मध्ये भरली, त्याच्या थोडेच आधी, ऑक्टोबरमध्ये, ती घाईने नौदलात दाखल करून घेतली होती. अमेरिका म्हणे, तिची बांधणी अजून पुरी झालेली नाही, मोडीत काढा. जपान हटेना. शेवटी ‘मुत्सु’ राहिली आणि तिच्याऐवजी जुनी ‘सेत्सु’ बाद झाली. पण त्या बदल्यात अमेरिकेला ‘कोलोरॅडो’ आणि ‘वेस्ट व्हर्जिनिया’ पुऱ्या करता आल्या, ब्रिटनला दोन नव्या नौका बांधता आल्या. एका नौकेच्या हट्टापायी समोरच्या दोघांना मिळून चार नव्या नौका मिळाल्या.

शिष्टमंडळातले नौदल सल्लागार कातो कांजी मात्र तीन हा आकडा मनाला लावून परतले. त्यांच्या गटाच्या लेखी तो पंगतीत खालच्या पाटावर बसवल्याचा पंक्तिभेद होता. या समजुतीला आधीचा इतिहास होता. १८५८ च्या विषम तहांतून जपानमधले परदेशी लोक जपानी न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेले, ते १८९९ मध्ये कक्षेत आले. जकातीचे स्वातंत्र्य तर १९११ पर्यंत मिळाले नाही. १८९५ मध्ये चीनकडून जिंकलेला लिआओदोंग द्वीपकल्प रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांच्या दडपणाखाली परत करावा लागला. १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानचे प्रतिनिधी माकिनो नोबुआकी यांनी राष्ट्रसंघाच्या सनदेत राष्ट्रांच्या समानतेचे तत्त्व घालण्याची मागणी केली. १७ पैकी ११ मते बाजूने पडली, तरी अध्यक्षस्थानी असलेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी एकमत नाही म्हणून ती फेटाळली.

मग १९२४ चा अमेरिकी स्थलांतर कायदा आला. आदल्याच वर्षीच्या भूकंपात अमेरिकेने तोक्योला भरघोस मदत केली होती. इतर देशांसारखा कोटा दिला असता तर वर्षाला जेमतेम शंभर-दीडशे जपानी आले असते. तेवढेही नको म्हणून जपान्यांना पूर्ण बंदी झाली. जपानचे राजदूत हानिहारा यांनी पत्रात ‘गंभीर परिणामां’चा इशारा दिला होता. तो धमकी मानला गेला आणि सिनेटमधला विरोध आणखी कडक झाला. शंभर माणसांनी जपानचे पोट भरणार नव्हते, दुखावला गेला तो दर्जा.

मोठ्या युद्धनौकांहून लहान नौकांवर मर्यादा घालणाऱ्या १९३० च्या लंडन करारात जपानला एकूण गणतीत अमेरिकेच्या ६९.७५ टक्के मिळाले, पाणबुड्यांत तर बरोबरी. मागितलेले बहुतेक पदरात पडले होते. तरीही जड क्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांच्या मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका, यांतल्या साठ टक्क्यांवरून वादळ उठले. पंतप्रधान हामागुची यांच्यावर १४ नोव्हेंबरला तोक्यो स्थानकात गोळी झाडली गेली आणि पुढच्या वर्षी ते वारले. १५ मे १९३२ ला नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांना ठार केले. पाठोपाठ करारांच्या बाजूचे वरिष्ठ अधिकारी निवृत्त केले गेले.

१९३४ मध्ये मागणीचे रूपच पालटले. सत्तर टक्के बाजूला पडले आणि तिन्ही देशांना एकच कमाल मर्यादा हवी, असा आग्रह सुरू झाला. इथे सुरक्षेचा हिशेब आणि मानाचा हिशेब वेगळे काढता येतात. अमेरिकेइतके आरमार बांधायला जपानकडे ना पैसा होता ना पोलाद. वापरता न येणारा हक्क कागदावर हवा होता. मागणी नाकारली गेली, तेव्हा २९ डिसेंबर १९३४ ला जपानने करार संपवण्याची दोन वर्षांची नोटीस दिली.

नोव्हेंबर १९३७ मध्ये कुरेच्या गोदीत ‘यामातो’ या युद्धनौकेचे काम सुरू झाले: ४६ सेंटिमीटरच्या नऊ तोफा आणि ६०,००० टनांहून जास्त वजन. असली नौका पनामा कालव्यातून जाणार नाही, म्हणून अमेरिका ती बांधणार नाही, हा त्यामागचा होरा. अमेरिकेने जुलै १९४० च्या कायद्याने आरमार सुमारे ७० टक्क्यांनी वाढवायला घेतले, आणि तिला थोपवणारा करार आता उरला नव्हता. जपानी नौदलाच्या अंदाजानुसार १९४१ च्या अखेरीस त्यांचे बळ अमेरिकेच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास होते, १९४३ मध्ये ते पन्नासवर आणि १९४४ मध्ये तीसवर उतरणार होते. लढायचे तर आत्ताच, हा युक्तिवाद त्याच आकड्यांवर उभा राहिला.