पॅक-मॅन (हातातल्या कन्सोलवरील)

पॅक-मॅन हा जपानच्या नाम्को कंपनीचा १९८० सालचा आर्केड खेळ. रचनाकार तोरू इवातानी. भुलभुलैयातले २४० ठिपके आणि चार मोठ्या गोळ्या खायच्या, चार भुतांच्या तावडीत सापडायचे नाही, एवढाच डाव. नाणे टाकून खेळायचा हा खेळ पुढे हातात मावणाऱ्या कन्सोलवर आला. तिथे त्याचे मूळ रूप किती टिकते, हे पडद्यावर आणि अंगठ्याखालच्या बटणावर ठरते.

अडचण पडद्यापासूनच सुरू होते. आर्केड यंत्रातला पडदा उभा, २२४ बाय २८८ बिंदूंचा. निन्टेन्डोच्या गेम बॉयचा (१९८९) पडदा आडवा, १६० बाय १४४ बिंदूंचा. म्हणून गेम बॉयवरच्या पॅक-मॅनमध्ये दोन सोयी ठेवल्या होत्या: मोठे चित्र घ्या, मग भुलभुलैया सरकत राहतो, किंवा चित्र लहान करून तो सगळा एकदम पाहा. पहिल्या प्रकारात भूत पडद्याबाहेरून अचानक समोर येते. आर्केडवर असे कधीच होत नाही, कारण तिथे चारही कोपरे सतत नजरेत असतात. दुसऱ्या प्रकारात डोळे ताणावे लागतात, तरी जाणत्या खेळाडूला तोच बरा.

रंगांचे नुकसान याहून मोठे. भुते रंगीत आहेत ती केवळ शोभेसाठी नाहीत. लाल भूत थेट पाठलाग करते. गुलाबी भूत पॅक-मॅनच्या तोंडापुढची चार घरे हेरून वाट अडवते. आकाशी भुताची चाल लाल भूत कुठे आहे यावरही अवलंबून असते. नारिंगी भूत लांबून चालून येते, पण आठ घरांच्या आत आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. गेम बॉयच्या चार करड्या छटांत ही ओळखच पुसली जाते. सेगाच्या गेम गिअरवर रंग होते. पण ते यंत्र सहा पेन्सिल सेल काही तासांत संपवायचे.

बटणाची गोष्ट मात्र उलटी आहे. अधिकाच्या चिन्हासारखे दिशा-बटण गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये डाँकी काँग या आर्केड खेळाच्या घडीच्या हातयंत्रासाठी बनवले. आर्केडसारखा दांडा (जॉयस्टिक) असता तर घडी मिटलीच नसती. म्हणजे हे बटण आर्केडचा खेळ हातात आणण्याच्या खटपटीतूनच जन्मले. पॅक-मॅनला यात एकच धोका: अंगठा तिरका पडून दोन दिशा एकदम दाबल्या जातात. मूळ दांडा चारच दिशांना हलतो. वळण येण्याआधीच दिशा दाबून ठेवली की पॅक-मॅन कोपरा कापतो आणि भुतांपेक्षा किंचित पुढे निसटतो. भुतांना ही सवलत नाही. अंगठा चुकला की हाच फायदा जातो.

इंदूरच्या रामबागेसारख्या वस्तीतल्या मराठी घरांत नव्वदीच्या दशकात हातातला गेम म्हणजे बहुधा ब्रिक गेम. त्याचा पडदा दहा बाय वीस चौकोनांचा, तर पॅक-मॅनचा भुलभुलैया २८ घरे रुंद. तो तिथे बसणार कसा? सेल उतरले की गच्चीवर उन्हात ठेवायचे, पुन्हा टाकायचे आणि “आजी, एवढा डाव होऊ दे गं” म्हणत ठोकळे रचत बसायचे. पॅक-मॅन भेटायचा तो टीव्हीला जोडलेल्या गेमवर, तेही घरातल्यांची मालिका संपल्यावर.

आता इंदूरच्याच जेल रोडवरच्या मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात चौकशी करणाऱ्याला निवड करायची असते ती इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवणाऱ्या यंत्रांतून. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेला मेम हा इम्युलेटर आर्केडचा मूळ प्रोग्रामच चालवतो. (त्या प्रोग्रामचे हक्क कंपनीकडेच असतात, हजारो गेम भरलेले स्वस्त कार्ड घेतल्याने ते आपले होत नाहीत.) ६४० बाय ४८० बिंदूंचा पडदा असेल तर यंत्र उभे धरावे: मूळ चित्र बरोबर दुप्पट होऊन ४४८ बाय ५७६ बिंदूंत बसते आणि रेघा फाटत नाहीत. मग बटणांच्या दिशाही सेटिंगमध्ये फिरवाव्या लागतात, आणि पकड थोडी अवघडते. तिरक्या दिशा बंद करण्याची सोय असेल तर ती आधी वापरावी.

मूळ प्रोग्राम असल्यामुळे त्यातला दोषही जसाच्या तसा येतो. पातळी मोजणारा आकडा एका बाइटचा आहे, म्हणजे त्यात २५५ पर्यंतच मोजता येते. २५६व्या पातळीवर फळे रंगवण्याचा हिशेब चुकतो, पडद्याची उजवी अर्धी बाजू अक्षरांच्या कचऱ्याने भरते आणि पुरेसे ठिपके न उरल्याने ती पातळी पूर्ण करताच येत नाही.