कौआई अभ्यास

कौआई अभ्यास : माणसाच्या घडणीत जन्मजात प्रकृती, कुटुंब, दारिद्र्य आणि भोवतालचा समाज यांचा वाटा कसा पडतो आणि वयानुसार तो कसा बदलत जातो, हे एकाच पिढीतील व्यक्तींच्या गर्भावस्थेपासून मध्यमवयापर्यंत तपासणारा विकासात्मक मानसशास्त्रातील दीर्घकालीन अभ्यास. हवाई द्वीपसमूहातील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा मागोवा त्यात घेण्यात आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेतील मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर (१९२९–२०१७) आणि कौआईवरील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ रूथ स्मिथ यांची नावे या अभ्यासाशी कायमची जोडली गेली आहेत; आरंभीच्या टप्प्यात जेसी बीअरमन आणि फर्न फ्रेंच यांचाही त्यात मोठा सहभाग होता.

अभ्यासासाठी या बेटाची निवड सोयीची ठरली. त्या काळी कौआईचे अर्थकारण मुख्यतः उसाच्या मळ्यांवर चालत असे आणि जपान, फिलिपीन्स, पोर्तुगाल अशा देशांतून मळ्यांवर कामाला आलेल्या मजुरांचे वंशज मूळ हवाईयन लोकांसोबत तेथे राहत. लोकवस्ती स्थिर होती, आरोग्यसेवा बऱ्यापैकी होती आणि परिचारिका घराघरांत पोचत. गरोदर स्त्रियांच्या नोंदी १९५४ पासूनच सुरू झाल्या. पुढे त्या मुलांची पाहणी वयाच्या पहिल्या, दुसऱ्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी आणि त्यानंतर सुमारे बत्तिसाव्या व चाळिसाव्या वर्षी झाली. बालरोगतज्ज्ञांच्या तपासण्या, मातांच्या मुलाखती, शिक्षकांची मते, शाळा, न्यायालये व आरोग्यखाते यांच्याकडील कागदपत्रे असा पुरावा निरनिराळ्या बाजूंनी गोळा केल्यामुळे एकाच व्यक्तीच्या आठवणींवर विसंबून राहण्याची वेळ आली नाही. मोठेपणी सांगितलेल्या बालपणात नंतरच्या आयुष्याचे रंग मिसळलेले असतात, म्हणून ही पद्धत फार मोलाची आहे.

प्रसूतीच्या वेळच्या गुंतागुंतीचा मुलाच्या पुढील वाढीवर काय परिणाम होतो, हा अभ्यासाचा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले. मेंदूला किंवा शरीराला गंभीर इजा झालेली मोजकी मुले वगळता, जन्मवेळच्या त्रासाचे परिणाम मूल कोणत्या घरात वाढले यानुसार पुसट तरी झाले किंवा गडद तरी होत गेले. शिकलेली आई आणि स्थिर कुटुंब लाभलेल्या मध्यमवर्गीय मुलांमध्ये दहाव्या व अठराव्या वर्षी त्या त्रासाच्या खुणा क्वचितच उरल्या. तोच त्रास दीर्घकाळचे दारिद्र्य, घरातील कलह किंवा पालकांचा मानसिक आजार यांच्या जोडीला आला, तेव्हा मात्र अभ्यासातील अडचणी आणि वर्तनसमस्या ठळकपणे दिसल्या. आनुवंशिकता श्रेष्ठ की परिस्थिती, या जुन्या वादाला या निष्कर्षाने निराळे वळण दिले, कारण एकाच शारीरिक आघाताचा अर्थ निरनिराळ्या घरांत निराळा लागतो हे त्यातून प्रत्यक्ष आकड्यांनिशी समोर आले.

दुसरा निष्कर्ष अधिक गाजला. वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत चार किंवा अधिक जोखीम घटकांना सामोरी गेलेली मुले सुमारे ३० टक्के होती. गरिबी, जन्मवेळची गुंतागुंत, आईचे अल्प शिक्षण, घरातील भांडणे वा ताटातूट, पालकांचे मद्यासक्तीचे किंवा मनोविकाराचे प्रश्न हे ते घटक होत. या मुलांपैकी दोनतृतीयांश मुलांना दहाव्या वर्षापर्यंत शिकण्याच्या वा वागणुकीच्या गंभीर अडचणी आल्या, किंवा अठराव्या वर्षापर्यंत गुन्हेगारी, मानसिक अस्वास्थ्य अथवा अकाली गर्भधारणा यांना तोंड द्यावे लागले. उरलेली ७२ मुले मात्र कर्तबगार, आत्मविश्वास असलेली आणि दुसऱ्यांची काळजी घेणारी तरुण माणसे झाली. चाळिसाव्या वर्षी या गटातील कोणीही बेकार नव्हते, कोणी कायद्याच्या कचाट्यात सापडले नव्हते आणि कोणाला सरकारी साहाय्यावर जगावे लागत नव्हते.

या ७२ जणांना इतरांपासून वेगळे करणाऱ्या गोष्टी वर्नर आणि स्मिथ यांनी संरक्षक घटक म्हणून मांडल्या. काही घटक मुलाच्या स्वभावातले होते: तान्हेपणी ती चपळ, हसरी आणि सांभाळायला सोपी होती, त्यामुळे मोठी माणसे त्यांच्याकडे आपोआप ओढली जात. पुढे वाचनाची आणि विचार मांडण्याची क्षमता त्यांच्या उपयोगी पडली. कुटुंबातील घटक याहून बोलके आहेत. आईवडील गांजलेले वा आजारी असले, तरी पहिल्या वर्षांत किमान एका माणसाचे, म्हणजे बहुधा आजी, आजोबा, मावशी किंवा थोरले भावंड यांचे, अखंड लक्ष या मुलांना मिळाले होते. घरात मुले थोडी होती आणि पाठच्या भावंडांत दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर होते, याचाही फायदा झाला. अनेकांवर धाकट्यांना सांभाळण्याची किंवा घरकामाची खरीखुरी जबाबदारी होती आणि आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो ही जाणीव त्यांना त्यातून आली. घराबाहेर एखादा शिक्षक, शेजारी किंवा चर्चमधील वडीलधारी व्यक्ती त्यांच्या पाठीशी उभी असे. मुली आणि मुलगे यांच्याबाबत तपशील वेगळे होते: स्वतंत्र वृत्तीला वाव आणि घरातील एखाद्या स्त्रीचा भक्कम आधार मुलींना पोषक ठरला, तर मुलग्यांना घरातील शिस्त, अनुकरणीय पुरुष आणि भावना व्यक्त करण्याची मोकळीक यांची गरज अधिक होती.

लोकप्रिय लेखनात ही ७२ मुले जिद्दीच्या जोरावर परिस्थितीवर मात करणारी म्हणून रंगवली जातात. अभ्यासातील पुरावा या चित्राला पुरेसा आधार देत नाही, कारण वर उल्लेखलेले जवळजवळ सर्व घटक कोणा ना कोणा माणसाच्या सहवासातून आलेले आहेत. मुलाचा हसरा स्वभावदेखील त्याला प्रतिसाद देणारे कोणी असले तरच कामी येतो. शिवाय यशाची किंमतही काही जणांना मोजावी लागली. आईवडिलांच्या समस्यांत गुरफटून जाऊ नये म्हणून अनेकांनी त्यांच्यापासून मनाने अंतर राखले आणि तिशीत काहींना ताणाशी संबंधित शारीरिक तक्रारी होत्या.

अभ्यासाचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी उद्धृत होणारा भाग म्हणजे उरलेल्या दोनतृतीयांश मुलांचे पुढचे आयुष्य. अठराव्या वर्षी ज्यांच्याविषयी निराशा वाटावी, अशांपैकी बहुसंख्य तिशी-चाळिशीपर्यंत सावरले होते. किशोरवयात माता झालेल्या बहुतेक मुलींनी शिक्षण पुढे नेले व नोकरी धरली. एखाददुसऱ्या गुन्ह्याची नोंद झालेल्या बहुतेक तरुणांनी प्रौढपणी गुन्हा केला नाही. स्थानिक महाविद्यालयांतील प्रौढ शिक्षण, सैन्यातील नोकरी, समंजस जोडीदाराशी विवाह, धार्मिक समुदायातील सहभाग, जिवावरच्या आजारातून बचाव अशी वळणे त्यांच्या आयुष्यात आली होती. मानसोपचारांचा आधार फार थोड्यांनी घेतला. पती-पत्नी, मित्र आणि नातलग यांचीच मदत अधिक जणांना झाली. बालपणीच माणसाचे भवितव्य ठरून जाते, या समजुतीला या माहितीने मोठा छेद दिला. मात्र सगळेच सावरले असे नाही. मद्यासक्त किंवा गंभीर मनोविकार असलेल्या पालकांची मुले आणि वारंवार गुन्हे केलेले तरुण यांच्या बाबतीत सुधारणेचे प्रमाण कमी राहिले.

अभ्यासाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. हे निरीक्षणावर आधारलेले संशोधन असल्याने एखादा घटक सुधारणेचे कारण होता की तिच्यासोबत आढळणारी गोष्ट होती, हे प्रत्येक वेळी ठामपणे सांगता येत नाही. जो माणूस मुळातच सावरण्याच्या मार्गावर आहे, त्यालाच चांगला जोडीदार किंवा संधी मिळणे सोपे जाते, ही शक्यता उरते. चाळिसाव्या वर्षापर्यंत मूळ गटातील काही जण मृत्यू, स्थलांतर किंवा संपर्क तुटल्यामुळे गळाले होते. परस्परांना ओळखणाऱ्या लोकांच्या छोट्या बेटावरील अनुभव मोठ्या शहरातील झोपडपट्टीला किंवा युद्धग्रस्त प्रदेशाला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. गर्भवतीच्या आहाराचा मुलाच्या शरीररचनेवर होणारा परिणाम या अभ्यासाच्या केंद्रस्थानी नव्हता. तो प्रश्न पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत सुरू केलेल्या मातृपोषण अभ्यासात तपशिलाने हाताळला गेला. जन्मतः वजनाने हलक्या भारतीय बाळांच्या शरीरात स्नायूंच्या तुलनेत चरबीचे प्रमाण अधिक असते, असे त्यात आढळले आणि मधुमेहाची बीजे गर्भाशयात रुजतात का, याचा शोध त्या पिढीच्या वाढीसोबत पुढे चालू राहिला.