जिवाणू पेशी

जिवाणू हा एकपेशीय, आदिकेंद्रकी सजीव. आदिकेंद्रकी म्हणजे ज्याच्या डीएनएभोवती केंद्रकाचे पटल नाही असा. तंतुकणिका, हरितलवके, गॉल्जी पिंड यांसारखी पटलाने वेढलेली अंगकेही त्याच्याकडे नसतात. म्हणून पाठ्यपुस्तकांत या पेशीची ओळख ‘काय नाही’ याच्या यादीने होते. ती अपुरी आहे. जिवाणू पेशीचे घटक आपल्या पेशीतील घटकांहून वेगळे आहेत आणि बहुतेक प्रतिजैविके नेमक्या याच वेगळेपणावर घाव घालतात. त्यामुळे तिची रचना समजून घेणे म्हणजे औषध कुठे आणि का लागू पडते हेच समजून घेणे.

आतड्यातील एश्चेरिशिया कोलाय (ई. कोलाय) हा सर्वाधिक अभ्यासलेला जिवाणू. त्याची लांबी सुमारे २ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि जाडी १ मायक्रोमीटरच्या आत असते. इतक्या लहान पेशीत अन्नाचे रेणू नुसत्या विसरणाने क्षणात सर्वत्र पोहोचतात, वाहतुकीची वेगळी व्यवस्था लागत नाही.

पेशीद्रव्याभोवती मेद आणि प्रथिनांचे पातळ पेशीपटल असते. आपल्या पेशीत श्वसनाची ऊर्जा तंतुकणिकेत तयार होते, जिवाणूत हे काम पेशीपटलच करते. ते प्रोटॉन बाहेर ढकलते आणि प्रोटॉन आत परतताना एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होते. याच पटलाच्या बाहेर पेशीभित्तिका असते. पेशीत क्षार आणि साखरेचे रेणू दाटीने असल्याने पाणी सतत आत शिरू पाहते. काही जिवाणूंत हा आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २० पटींपर्यंत जातो. सायकलची ट्यूब टायरमुळे फुटत नाही, तसे भित्तिकेमुळे पटल टिकते. ही भित्तिका पेप्टिडोग्लायकनची असते. दोन प्रकारच्या शर्करांच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे टाके, असे हे पेशीभर पसरलेले अखंड जाळे असते. मानवी पेशीत ते कुठेच नसते.

पेशी वाढते तेव्हा जिवाणूची विकरे हे जाळे जागोजाग कापतात आणि नवा धागा घालून पुन्हा टाके घालतात. पेनिसिलीन टाके घालणाऱ्या विकराला कायमचे चिकटते. कापणे चालू राहते, शिवणे थांबते आणि पेशी आतल्या दाबाने फुटते. म्हणूनच पेनिसिलीन वाढणाऱ्या जिवाणूंना मारते, पण निपचित पडलेल्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये सापडलेले हे औषध भारतात सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले ते पुण्याजवळ पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. मायकोप्लाझ्मा या जिवाणूंना भित्तिकाच नसते, त्यामुळे त्यांच्यापुढे पेनिसिलीन निष्प्रभ ठरते.

भित्तिकेतला फरक डोळ्यांना दिसतो तो हान्स क्रिस्तियान ग्राम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंजनपद्धतीमुळे. काचपट्टीवर नमुन्याचा पातळ थर पसरून वाळवतात, ज्योतीवरून फिरवून पक्का करतात. त्यावर क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग, मग आयोडीन, मग काही सेकंद अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रानीन हा गुलाबी रंग. सगळी परीक्षा अल्कोहोलच्या पायरीवर होते. ज्यांची भित्तिका जाड (२० ते ८० नॅनोमीटर) ते जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्राम-धन. ज्यांचे पेप्टिडोग्लायकन जेमतेम काही नॅनोमीटरचे, त्यांचा रंग धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात, ते ग्राम-ऋण. ग्राम-ऋण जिवाणूंना भित्तिकेबाहेर आणखी एक पटल असते. व्हँकोमायसिन या प्रतिजैविकासारखा मोठा रेणू त्यातून आत जाऊ शकत नाही. या पटलातील लिपोपॉलिसॅकराइड रक्तात मिसळले की ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. कॉलरा, विषमज्वर आणि प्लेग यांचे जिवाणू याच गटातले. क्षयाचा जिवाणू मात्र या विभागणीत नीट बसत नाही. त्याच्या भित्तिकेत मेणासारखे मायकोलिक आम्ल असल्याने थुंकीच्या तपासणीत वेगळे रंजन करावे लागते. त्यात आम्लाने धुतल्यावरही निळ्या पार्श्वभूमीवर लाल कांड्या उरतात.

पेशीच्या आत डीएनए बहुधा एकाच वर्तुळाकार रेणूच्या रूपात, केंद्रकाभ नावाच्या भागात गुंडाळलेला असतो. ई. कोलायचा डीएनए उलगडला तर सुमारे दीड मिलिमीटर भरतो, म्हणजे पेशीच्या लांबीच्या शेकडो पट. अनुकूल स्थितीत ही पेशी दर २० मिनिटांनी दुभंगते, पण डीएनएची पूर्ण प्रत काढायला सुमारे ४० मिनिटे लागतात. हा मेळ बसतो, कारण पहिली प्रत पूर्ण होण्याआधीच पुढच्या प्रतीचे काम सुरू होते. नवी पेशी जन्मते तीच अर्धवट प्रत झालेला डीएनए घेऊन. केंद्रकपटलाचा अडसर नसल्याने आरएनए (डीएनएतील संदेशाची प्रत) तयार होत असतानाच रायबोसोम त्याला लागतात आणि प्रथिने बनवू लागतात.

जिवाणूचे रायबोसोम ७०एस, तर आपल्या पेशीद्रव्यातील ८०एस असतात (एस हे द्रवात तळाशी बसण्याच्या वेगाचे एकक). स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन ही प्रतिजैविके जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान उपघटकावर, तर एरिथ्रोमायसिन मोठ्या उपघटकावर अडकते. या लहान उपघटकाची अणुपातळीवरील रचना उलगडण्याबद्दल वेंकटरामन रामकृष्णन २००९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. आपल्या तंतुकणिकांतील रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते आहेत. स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी काही रुग्णांची ऐकण्याची शक्ती जाते, त्यामागचे एक कारण हे साम्य मानले जाते.

मुख्य डीएनएखेरीज अनेक जिवाणूंत प्लाझ्मिड ही छोटी वर्तुळे असतात. औषधाला दाद न देण्याची जनुके बहुधा यांवर असतात आणि दोन पेशी जोडल्या गेल्या की ती एकीतून दुसरीत, कधी कधी वेगळ्या जातीच्या जिवाणूतही जातात. रुग्णालयांतील चिवट संसर्गांचे हे फार मोठे कारण आहे.

काही जिवाणूंवर शर्करेचे बुळबुळीत संपुट असते, त्यामुळे पांढऱ्या पेशींना त्यांना गिळणे अवघड जाते. पोहण्यासाठी कशाभिका, म्हणजे चाबकासारखे लांब धागे, असतात. त्यांच्या बुडाशी प्रोटॉनच्या प्रवाहावर चालणारी खरीखुरी फिरती मोटर असते, तिचे सेकंदाला शंभराहून अधिक फेरे होतात. ई. कोलायच्या कशाभिका घड्याळाच्या उलट दिशेने फिरल्या की त्यांची जुडी होऊन पेशी सरळ जाते. मोटर सुलट फिरली की जुडी सुटते आणि पेशी कोलांटी घेऊन दिशा बदलते. अन्न वाढते आहे असे जाणवले तर कोलांट्या कमी होतात.

बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम यांसारखे जिवाणू उपासमारीत अंतर्बीजाणू बनवतात. त्यात डीएनएभोवती अनेक कवचे चढतात, गाभ्यातील पाणी घटते आणि कॅल्शियम व डायपिकोलिनिक आम्ल साठते. वाढ थांबलेली असल्याने प्रतिजैविकांना पकडायला काहीच उरत नाही आणि उकळत्या पाण्यातही असे अनेक बीजाणू तगून राहतात. त्यामुळे शस्त्रक्रियेची उपकरणे नुसती उकळून भागत नाही. ती ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेत, १२१ अंश सेल्सिअसवर किमान १५ मिनिटे ठेवावी लागतात.